आपल्या इंग्रजींतील मराठी

आंग्र्यांचें कुलाबा संस्थान १८४० सालीं इंग्रजी अमलाखालीं आलें, मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून अगदीं पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास २००० सालीं आरंभ झाला. पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे अलिबाग, रेवदंडा, मुरुड या बाजूस, इंग्रजी ही आतां कित्येक पिढ्यांच्या परिचयाची भाषा झाली आहे. असें असूनहि तिच्याविषयीं जे प्रश्न पणजोबांच्या वेळीं विचारले जात, तेच प्रश्न आज पणतू विचारतो. 'मी काल गेलों होतों' याचें इंग्रजी काय करावें? 'सिन्स' कोठें आणि 'फॉर' कोठें? 'द' कोणत्या नामाला लावावा आणि कोणत्या नामाला लावूं नये? चुलतभावाला 'कझिन ब्रदर' म्हटलें तर बिघडलें कोठें?

या प्रश्नांचीं उत्तरें देणारीं पुस्तकें कांहीं थोडीं नाहींत. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरी करून पुढें 'बो जेस्त' या १९२४ सालच्या कादंबरीमुळें नांवाजलेले पी. सी. रेन यांनीं एच. मार्टिन यांच्यासह केलेलें व्याकरण आजहि दुकानांत मिळतें. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तर मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या घोकली गेली. तरीहि चुका राहिल्या त्या राहिल्याच. याचें कारण असें कीं, विद्यार्थी नियम पाठ करतो, परीक्षक चूक खोडतो, पण ती चूक आली कोठून, हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. नुसती खोडलेली चूक दुसऱ्या दिवशीं पुन्हां उगवते. तिचें मूळ सांपडलें, तर मात्र तिचा बंदोबस्त करतां येतो.

आणि मूळ शोधूं गेल्यास एक गोष्ट चटकन्‌ ध्यानांत येते. चुका वाटेल तशा होत नाहींत. मराठी माणूस इंग्रजी बोलतांना ठराविक ठिकाणींच अडखळतो, आणि त्या ठिकाणीं निरखून पाहिलें तर इंग्रजी शब्दांच्या आड मराठीचाच एखादा नियम उभा असलेला दिसतो. परकी भाषा शिकतांना शब्द लवकर हातीं येतात. वाक्याचा सांगाडा मात्र आईच्या भाषेचाच राहूं पाहतो.

याचें नामी उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई हें गांव आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पोर्तुगीजांनीं चौलास आपलें ठाणें वसविलें, आणि १७४० सालीं तो मुलूख मराठ्यांच्या हातीं आला. पोर्तुगीज गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती कुटुंबांत त्यांच्या भाषेंतून निपजलेली एक बोली आजवर टिकून आहे. तिला तीं माणसें 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा' असें म्हणतात. तिचे शब्द बहुतांशीं पोर्तुगीज आहेत; परंतु पोर्तुगीज वाक्यांत कर्माच्या आधीं येणारें क्रियापद या बोलींत मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं जाऊन बसलें आहे. भोंवतालच्या मराठीनें परक्या शब्दांना आपल्या रांगेंत उभें केलें. आपल्या इंग्रजींतहि हाच व्यापार लहान प्रमाणांत रोज चालूं असतो.

आतां एकेक प्रश्न घेऊं. पहिला भूतकाळाचा. 'मी काल अलिबागला गेलों होतों' हें वाक्य मराठी माणूस सहज 'आय हॅड गॉन टु अलिबाग येस्टरडे' असें करतो. शब्दास शब्द जुळला, तरी वाक्य चुकलें. मराठींत 'गेलों' आणि 'गेलों होतों' यांत सूक्ष्म भेद आहे. 'गेलों होतों' म्हणजे जाऊन परत आलों, ती गोष्ट आतां संपली. मराठीचा 'होतों' एवढेंच सुचवितो. इंग्रजीचा 'हॅड' तें सुचवीत नाहीं. तो दोन भूतकाळच्या गोष्टींपैकीं आधीची कोणती हें सांगतो. 'आम्ही मांडव्यास पोहोंचलों तेव्हां लाँच सुटली होती', येथें दोन गोष्टी आहेत. त्यांतली सुटण्याची आधीची. म्हणून 'व्हेन वुई रीच्ड मांडवा, द लाँच हॅड लेफ्ट' हें निर्दोष. पण केवळ 'आय हॅड गॉन येस्टरडे' असें म्हटलें कीं इंग्रज श्रोता पुढच्या गोष्टीची वाट पाहत राहतो: गेला होता, बरें, मग काय झालें? कचेरीच्या पत्रांत 'आय हॅड सबमिटेड द फॉर्म ऑन मंडे' असें लिहिणाऱ्याविषयीं तीच शंका येते. अर्ज दिला होता, मग परत घेतला कीं काय? तेथें साधें 'आय सबमिटेड' पुरें. जेथें दुसरी गोष्ट नाहीं तेथें 'हॅड' नको, एवढें लक्षांत ठेविलें तर निम्मी पत्रें सुधारतील.

दुसरा प्रश्न 'सिन्स' आणि 'फॉर' यांचा. मराठींत 'पासून' हा एकच प्रत्यय दोन कामें करतो. '२०१५ पासून पेणला राहतों' असें आपण म्हणतों, आणि 'दहा वर्षांपासून पेणला राहतों' असेंहि म्हणतों. पहिल्यांत काळाचा एक बिंदु आहे, दुसऱ्यांत काळाची लांबी आहे. इंग्रजी बिंदूसाठीं 'सिन्स' आणि लांबीसाठीं 'फॉर' अशी वांटणी करते. शिवाय मराठींत 'राहतों' हा वर्तमानकाळ चालतो; इंग्रजींत मागें सुरू होऊन आजवर चालत आलेल्या गोष्टीस 'हॅव बीन' लागतें. यामुळें 'आय ॲम लिव्हिंग इन पेण सिन्स टेन इयर्स' या लहानशा वाक्यांत दोन चुका घडतात. 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पेण फॉर टेन इयर्स' हें शुद्ध रूप. आणि कोणी घाईनें 'आय लिव्ह्ड इन पेण फॉर टेन इयर्स' असें लिहिलें, तर वाचणारा समजेल कीं या गृहस्थानें पेण सोडलें. परदेशीं जाण्याच्या अर्जांत असा गैरसमज महागांत पडूं शकतो.

तिसरा प्रश्न 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' या वाक्याचा. 'मला दोन बहिणी आहेत' यांतील 'आहेत' मराठी कानाला इतका ओळखीचा आहे कीं इंग्रजींत त्याच्यासाठीं 'ॲम' किंवा 'इज' यावयासच हवें, असें मनांत बसतें. मग 'हॅव' ला 'इंग' जोडून त्याची सोय लावली जाते. इंग्रजींत 'इंग' चें रूप चालूं असलेल्या क्रियेचें. बहिणी असणें, एखादी गोष्ट ठाऊक असणें, एखादें घर मालकीचें असणें या क्रिया नव्हेत, स्थिति आहेत. म्हणून 'आय हॅव', 'आय नो', 'आय ओन'. चहा पिणें ही मात्र क्रिया आहे; तेव्हां 'आय ॲम हॅविंग टी' यांत कांहीं वावगें नाहीं.

यापेक्षां अधिक घोटाळा 'ला' या प्रत्ययानें केला आहे. 'त्याला सांगितलें', 'त्याला विचारलें', 'गांवाला पोहोंचलों', 'मुंबईला गेलों' या चारहि ठिकाणीं मराठी एकच 'ला' वापरते. त्याच्या बदलीं इंग्रजींत 'टु' ठेवावा असा हिशेब मनांत होतो, आणि 'आय टोल्ड टु हिम', 'आय आस्क्ड टु हिम', 'आय रीच्ड टु द व्हिलेज' अशीं वाक्यें तयार होतात. 'टेल', 'आस्क' आणि 'रीच' यांना आपल्या कर्मापुढें 'टु' लागत नाहीं. 'गो', 'से' आणि 'स्पीक' यांना लागतो. उलट 'मला हें समजावून सांग' याचें 'एक्सप्लेन मी धिस' केलें जातें, तेथें 'टु' हवा असतो: 'एक्सप्लेन धिस टु मी'. येथें सर्वांस पुरेल असा नियम नाहीं. प्रत्येक क्रियापदाची संवय वेगळी, आणि ती त्या क्रियापदाबरोबरच शिकावी लागते. 'डॉक्टरशीं लग्न झालें' यांतील 'शीं' मुळें 'मॅरीड विथ' असें तोंडांत येतें; इंग्रजी म्हणते 'मॅरीड टु'. 'त्या विषयावर चर्चा केली' यांतील 'वर' मुळें 'डिस्कस्ड अबाउट' किंवा 'डिस्कस्ड ऑन' असें होतें. पण 'डिस्कस' या क्रियापदाच्या पोटांतच 'विषयीं' हा अर्थ भरलेला आहे, म्हणून 'वुई डिस्कस्ड द मॅटर' एवढेंच पुरतें. 'डिस्कशन' हें नाम आलें कीं मात्र 'अबाउट' पुन्हां जागा मागतो.

'अ', 'ॲन' आणि 'द' हीं तीन उपपदें मराठींत नाहींत, असें शाळेंत सांगतात. शब्द नाहींत हें खरें. त्यांचा अर्थ मात्र मराठीला अपरिचित नाहीं. 'कोळिणीकडून एक पापलेट घेतलें; पापलेट ताजें होतें' या वाक्यांत पहिलें पापलेट कोणतें तरी एक, आणि दुसरें तेंच, आधीं सांगितलेलें. इंग्रजींत पहिल्याला 'अ' आणि दुसऱ्याला 'द'. श्रोत्याला कोणती वस्तु तें कळलेलें असेल तर 'द', नसेल तर 'अ', ही मुख्य गोष्ट. विशेषनामांचा नियम याच किनाऱ्यावर फिरून शिकतां येईल. अलिबाग, मुरुड, चौल या गांवांना 'द' नाहीं. समुद्राला आहे: 'द अरेबियन सी'. नद्यांनाहि आहे: रेवदंड्यास समुद्राला मिळणारी 'द कुंडलिका', बाणकोटास मिळणारी 'द सावित्री'. अलिबागच्या पाण्यांतील किल्ल्याला त्याच्या नांवानें हांक मारली तर 'कुलाबा फोर्ट', 'द' वांचून. पण त्याचें वर्णन केलें तर 'द फोर्ट ॲट अलिबाग'. 'अ' कीं 'ॲन' हा प्रश्न डोळ्यांनीं सोडवूं नये, कानांनीं सोडवावा. 'आवर' चा उच्चार स्वरानें सुरू होतो म्हणून 'ॲन आवर'. 'युनिव्हर्सिटी' चा 'य' नें म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. त्याच न्यायानें 'अ बी. ए.' पण 'ॲन एम. ए.', आणि पेणहून पनवेलीस जाणारी 'ॲन एस. टी. बस'.

वचनाच्या बाबतींत मराठी कधीं वैरीण होते, कधीं मैत्रीण. 'केस पिकले' या बहुवचनावरून 'हिज हेअर्स आर ग्रे' असें म्हटलें जातें. डोक्यावरच्या सर्व केसांना इंग्रजी एकवचनीच मानते, 'हिज हेअर इज ग्रे'. 'बातम्या ऐकल्या' म्हणून 'न्यूज आर' असें वाटतें. पण 'न्यूज' च्या शेवटीं 'स' सारखा ध्वनि असला तरी तो शब्द एकवचनी आहे. 'दोन सल्ले दिले' म्हणून 'टू ॲडव्हाइसेस' होतात. तेथें 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस' म्हणावें. याच्या उलट 'इन्फर्मेशन्स' आणि 'लगेजेस' या चुकांचा आरोप मराठीवर करतां येणार नाहीं. 'माहित्या' आणि 'सामानें' असें मराठींत कोण म्हणतें? येथें आईच्या भाषेचें ऐकलें असतें तर चूक झालीच नसती. 'ॲडव्हाइस' या शब्दाविषयीं आणखी एक: सल्ला या नामाचा शेवट 'स' नें होतो, आणि सल्ला देणें या क्रियापदाचा 'झ' नें. नाम 'ॲडव्हाइस', क्रियापद 'ॲडव्हाइझ'.

'च' या मराठीच्या इवल्याशा अव्ययाची गंमत वेगळीच आहे. 'तो अलिबागलाच राहतो', 'मी आजच आलों' या वाक्यांतील जोर इंग्रजींत आणण्यासाठीं 'ओन्ली' शेवटीं ठेवला जातो: 'ही लिव्ह्ज इन अलिबाग ओन्ली'. इंग्रज श्रोत्याला त्याचा अर्थ 'केवळ अलिबागला, अन्यत्र नाहीं' असा लागतो आणि तो बुचकळ्यांत पडतो. इंग्रजी असा जोर पुष्कळदां आवाजानें देते, निराळ्या शब्दानें देत नाहीं. तसाच 'फार' हा शब्द. 'फार सुंदर' साठीं 'व्हेरी' हवा. 'टू' मध्यें तक्रार असते. 'टू स्वीट' म्हणजे नको इतकें गोड. ज्या पाहुण्यानें जेवणाची स्तुति ऐकावी अशी अपेक्षा आहे, त्याच्यापुढें हा भेद पाळलेला बरा. आणि मराठीच्या 'ना?' किंवा 'नाहीं का?' या शेपटीसाठीं सर्वत्र 'इझन्ट इट' जोडण्याची खोड सोडावी. 'यू आर कमिंग' पुढें 'आरन्ट यू', 'ही केम' पुढें 'डिडन्ट ही', असें तें वाक्याबरोबर बदलतें.

आतांपर्यंतच्या चुकांनीं फार तर हंसें होईल. एक चूक मात्र अशी आहे कीं तिच्यांत जिवाशीं गांठ पडूं शकते, आणि ती सुशिक्षितांकडूनहि होते. 'सकाळचें औषध घेतलें नाहीं ना?' या प्रश्नाला मराठी माणूस 'हो' म्हणतो, तेव्हां त्याचा अर्थ 'हो, तुमचें म्हणणें बरोबर, घेतलें नाहीं' असा असतो. मराठीचा 'हो' प्रश्न विचारणाऱ्याच्या विधानाला मान डोलावतो. इंग्रजीचा 'येस' तसें करीत नाहीं. तो प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीकडे पाहतो. 'यू हॅवन्ट टेकन द मेडिसिन, हॅव यू?' याला 'येस' म्हटलें तर इंग्रज डॉक्टर समजेल कीं औषध घेतलें. मुलाकडे परदेशीं राहावयास गेलेल्या आईबापांना असे प्रश्न रुग्णालयांत, विमानतळावर, दूरध्वनीवर विचारले जातात. उपाय सोपा आहे. नुसतें 'येस' किंवा नुसतें 'नो' म्हणून थांबूं नये. 'नो, आय हॅवन्ट टेकन इट' किंवा 'येस, आय हॅव टेकन इट' असें पुरें वाक्य बोलावें. घरांतील वडील माणसांना व्याकरणाचें दुसरें कांहीं शिकवितां आलें नाहीं, तरी एवढें अवश्य शिकवावें.

चुकांच्या या यादींत जें घालूं नये, तेंहि आतां सांगितलें पाहिजे. कांहीं शब्दप्रयोग भारतांतील इंग्रजींत रूढ झाले आहेत, आणि त्यांना सरसकट अशुद्ध ठरविणें अन्यायाचें होईल. 'पोस्टपोन' च्या उलट 'प्रीपोन' हा शब्द येथें प्रचारांत आला. सोयीचा असल्यामुळें तो ऑक्सफर्डच्या कोशांत जाऊन बसला. 'आउट ऑफ स्टेशन' हा प्रयोग इंग्रजी अमलांतील लष्करी व मुलकी ठाण्यांची आठवण आहे. 'डू द नीडफुल' एके काळीं खुद्द इंग्रजांच्या पत्रव्यवहारांत होता. तिकडे तो जुना झाला, इकडे कचेऱ्यांनीं जपून ठेवला. 'कझिन ब्रदर' विषयीं तर आपणांस लाज वाटण्याचें कांहींच कारण नाहीं. ज्या भाषेंत चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ असे चार निरनिराळे शब्द आहेत, त्या भाषेच्या माणसाला 'कझिन' या एका शब्दांत भाऊ कीं बहीण हेंहि कळत नाहीं, म्हणून तो 'ब्रदर' जोडतो. घरांत खुशाल जोडावा. परदेशच्या पत्रांत मात्र 'कझिन' एवढाच लिहावा, कारण तेथें दुसरा शब्द वाचणाऱ्याला अडखळवील. 'पास आउट' बद्दल अधिक सावध असावें. येथें त्याचा अर्थ शिक्षण पुरें करून बाहेर पडणें असा होतो. इंग्लंड-अमेरिकेंत तो पुष्कळदां घेरी येऊन पडणें असा घेतला जातो. नोकरीच्या अर्जांत 'ग्रॅज्युएटेड' हाच शब्द चांगला.

शब्दांची ही देवघेव एकतर्फी नाहीं. पाव, चावी, बटाटा, घमेलें हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द मराठी स्वयंपाकघरांत आणि अंगणांत इतके मुरले कीं त्यांना परके म्हणण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. इंग्रजीनेंहि मराठीचा 'मुंगूस' उचलला आणि त्याचा 'मॉन्गूस' केला. याचें अनेकवचन 'मॉन्गूसेस' होतें. बदकाच्या जातीचा जो 'गूस', त्याच्या 'गीस' या अनेकवचनाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, कारण तो शब्दच सह्याद्रीच्या बाजूचा आहे.

तिसरा वर्ग खोट्या नियमांचा. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय येऊं नये. 'टु' आणि क्रियापद यांच्या मध्यें दुसरा शब्द घालूं नये. असे नियम कित्येक शिक्षकांनीं पट्टीच्या धाकानें शिकविले. यांची उत्पत्ति मोठी उद्बोधक आहे. सतराव्या शतकांत ड्रायडनसारख्या विद्वानांवर लॅटिनचा पगडा होता, आणि १६७२ सालीं त्यानें वाक्याच्या शेवटीं येणाऱ्या अव्ययांना नांवें ठेविलीं. लॅटिनमध्यें क्रियापदाचें तें रूप एकाच शब्दाचें असल्यामुळें त्याचे दोन तुकडे करतांच येत नाहींत. इंग्रजींत तें दोन शब्दांचें असूनहि तोडूं नये असें पुढील व्याकरणकारांनीं ठरविलें. १९२६ सालीं निघालेल्या आपल्या कोशांत फाउलरनें या दोन्ही समजुतींचा चांगलाच समाचार घेतला. 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' हें वाक्य निर्मळ इंग्रजी आहे; तें उलटेंपालटें करून कृत्रिम करण्याची गरज नाहीं.

एका भाषेचा साचा दुसरीवर बसविण्याचा हा प्रकार मराठीच्याहि वाट्याला आला. लिंडले मरे याचें इंग्रजी व्याकरण १७९५ सालचें. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध केलें, तेव्हां मरेच्या धर्तीचा त्यांना आधार झाला. दादोबांचें काम थोर आहे. त्यांना मराठीचे पाणिनि म्हणतात तें उगीच नव्हे. परंतु त्यामुळें आपल्याकडे एक समजूत रुजली कीं व्याकरण ही मुळांत इंग्रजीची वस्तु. तिचा परिणाम असा झाला कीं शाळेंत शिकलेला मनुष्य इंग्रजीचे बारा काळ म्हणून दाखवितो, पण 'गेलों' आणि 'गेलों होतों' यांतला भेद सांगा म्हटलें तर गप्प बसतो. स्वतःच्या भाषेचे नियम तो दिवसभर पाळतो, पण ते त्याला ठाऊक नसतात. म्हणूनच ते नकळत त्याच्या इंग्रजींत शिरतात.

ज्यांनीं आपल्या भाषा नीट अभ्यासल्या, त्यांचें इंग्रजीहि बळकट झालें, याचा दाखला याच जिल्ह्यानें दिला आहे. महाडजवळील नाते गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत पहिले आले, आणि संस्कृतांतील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. पुढें केंब्रिजला शिकून ते आय. सी. एस. झाले, आणि १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच गृहस्थांनीं मेघदूत मराठी पद्यांत आणलें. इंग्रजींत राज्यकारभार आणि अर्थकारण चालवितांना त्यांना मराठी किंवा संस्कृत विसरावी लागली नाहीं.

याउलट आज पुष्कळ घरांत काय घडतें? पाहुण्यांपुढें मूल इंग्रजींत बोलूं लागतें, एक शब्द चुकतो, बाप तेथेंच टोंकतो, भावंडें हंसतात, आणि मूल पुन्हां तोंड उघडीत नाहीं. 'अलिबागसे आया है क्या' हा उपहासाचा वाक्प्रचार मुंबईकरांच्या तोंडीं आहे. त्यावर बंदी घालावी म्हणून उच्च न्यायालयांत अर्ज गेला, आणि २०१९ सालीं न्यायालयानें तो फेटाळला. कायद्यानें कोणाचें हंसणें थांबवितां येत नाहीं. पण ज्या किनाऱ्याच्या लोकांना दुसऱ्यांच्या हंसण्याचा अनुभव आहे, त्यांनीं तरी स्वतःच्या मुलांना हंसूं नये. हंसण्यानें चूक सुधारत नाहीं. बोलणें मात्र थांबतें, आणि न बोलणाऱ्याला कोणतीच भाषा येत नाहीं.

तेव्हां घरांत एक साधी रीत ठेवावी. मुलाला बोलूं द्यावें. त्याचें बोलणें पुरें झाल्यावर एकच चूक निवडावी आणि विचारावें, 'हें मराठींत तूं कसें म्हणाला असतास?' तो मराठी वाक्य सांगेल. मग त्या वाक्यांतला 'ला', 'पासून', 'होतों' किंवा 'च' कोठें इंग्रजींत शिरला, तें त्यालाच शोधूं द्यावें. जें त्यानें स्वतः शोधलें, तें तो विसरणार नाहीं. आणि त्याबरोबर त्याला मराठीचाहि एक नियम कळेल. एका आठवड्यास एक चूक या हिशेबानें वर्षांत पन्नास चुका जातील, आणि तेवढ्या गेल्या तर राहतें तें इंग्रजी कोणालाहि पुरेसें आहे.

कोर्लईच्या घरांत क्रियापद शेवटीं बसलें म्हणून कोणाचें अडत नाहीं, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच घरचे आहेत. अनोळखी माणसाशीं बोलतांना, दूर देशीं पत्र लिहितांना, डॉक्टराला दुखणें सांगतांना मात्र ऐकणाऱ्याच्या संवयीचा विचार करावा लागतो. पाहुण्याला त्याच्या संवयीचें आसन द्यावें, तसाच हा शिष्टाचार आहे. शुद्ध इंग्रजीचा उपयोग एवढाच, आणि तो कमी नाहीं. ज्याला ती साधली नाहीं त्याला कमी लेखण्याचा अधिकार मात्र कोणतेंहि व्याकरण देत नाहीं.